दावं कापायची सुरी

आमच्या घरात सुरी नव्हती. विळी होती, दोन विळे होते, कोयता होता, कुऱ्हाड होती. पण मुठीत धरून कापायची सुरी मावळातल्या इंदुरीच्या आमच्या घरात मी कधी पाहिली नाही. लग्न होऊन लोणावळ्याजवळ वलवणला आले तेव्हा सासरच्या ओट्यावर सुरी दिसली आणि पहिले काही दिवस मला ती नीट धरताच येईना. सासूबाई हसायच्या, मीही हसायचे. आपल्या घरी सुरी का नाही, हे विचारावं असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

ते कळलं मी आबांसाठी सुरी विकत आणली तेव्हा. आबा म्हणजे माझे वडील. आणि ती सुरी मी फार विचार करून आणली होती, हे आधीच सांगून टाकते.

मी सरकारी कचेरीत कारकून आहे. ज्याच्यावाचून काम अडत नाही त्याला प्रशिक्षणाला पाठवायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. तसं मला एकदा आपत्तीच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मी तोंड वाकडं करूनच गेले होते. शिकवायला एक निवृत्त गृहस्थ होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी टेबलावर एक पिशवी रिकामी केली. बॅटरी, शिट्टी, औषधं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं, सुका खाऊ, दोर आणि शेवटी सुरी. संकट आलं की ही एक पिशवी उचलून बाहेर पडायचं, म्हणाले. बाकी वस्तू त्यांनी भराभर सांगितल्या, पण सुरीवर थांबले. सुरी दिसते कशी ते बघू नका, ओल्या हातात राहते का ते बघा. घडीची नको, घाईत उघडत नाही. टोक बोथट हवं, कारण घाबरलेला माणूस आधी स्वतःलाच लावून घेतो. अर्ध्या पात्याला दाते हवेत, नाहीतर ओला दोर पात्याखालून निसटतो. मूठ भडक रंगाची हवी, पडली तर दिसली पाहिजे.

मी हे सगळं वहीत उतरून घेत होते आणि डोळ्यांसमोर आमचा गोठा होता. घर वर गावात, पण गोठा खाली इंद्रायणीच्या काठाला, आमच्या एवढ्याशा तुकड्यात. गाय एकच. दर पावसाळ्यात पाणी गोठ्याच्या उंबऱ्याशी येऊन परत जायचं आणि आबा म्हणायचे, तिला आपली वळख हाय. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ सुदुंबऱ्याकडच्या एका कारखान्यात पाळीनं जायचा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ गोठ्यात उतरायचे ते पंचाहत्तरी ओलांडलेले आबाच. पाणी एखाद्या वेळी परत गेलं नाही तर हा माणूस गाईची गाठ सोडत बसेल आणि वाहून जाईल, ही भीती मला त्या दिवशी बसली. ती पुन्हा उठली नाही.

मग मी सुरीच्या मागे लागले.

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांच्या रांगेत पर्यटकांसाठी टोप्या, रेनकोट, काठ्या विकणारं एक दुकान आहे. तिथे मला एक भलीमोठी कमांडो सुरी दाखवली. मुठीच्या बुडाला होकायंत्र, मूठ उघडली की आत काड्या आणि मासे धरायचा गळ. "मॅडम, जंगलात अडकलात तर मासे पकडून खाता येतील," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, माझा बाप नदीकाठीच राहतो, मासे कुठं असतात ते त्याला होकायंत्राशिवाय कळतं. सुरी हातात घेऊन जरा झटकली तर पातं मुठीत खुळखुळलं. ठेवून दिली.

दुसरी मोबाइलवरून मागवली. घडीची, देखणी. ते गृहस्थ घडीची नको म्हणाले होते तरी मला मोह झाला. हात ओले करून उघडायला गेले तर नख घसरलं. आबांचा तर उजवा अंगठा वाकतच नव्हता. परत पाठवली.

मग स्वतःच परीक्षा घ्यायचं ठरवलं. आबा दावी स्वतः वळायचे, अंबाडीची. इंदुरीहून तसं एक जुनं दावं मागून आणलं, दिवसभर बादलीत भिजत घातलं आणि न्हाणीघरात नळाच्या पाइपाला निरगाठ मारून बांधलं. ओली अंबाडी फुगते, गाठ दगडासारखी होते, दातांनीही सुटत नाही. घरातली भाजीची सुरी लावली तर ती सटकली आणि भिंतीचा गिलावा घेऊन गेली. बाहेरून नवऱ्यानं विचारलं, आत काय चाललंय? म्हटलं, आबांची गाय सोडवतेय. तो निघून गेला. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं शहाणपण त्याला आलं होतं.

हवी तशी सुरी शेवटी तळेगावात सापडली, दोर आणि पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या एका दुकानात. आखूड, घडी नसलेली, बोथट टोकाची, बुडाकडे दाते, नारिंगी रबरी मूठ, मनगटात अडकवायला दोरी. घरी आणून न्हाणीघरात डोळे मिटून, साबणाच्या हातानं, तेही डाव्या, ओल्या दाव्यावर चालवली. चार झटक्यांत दावं तुटलं. मला इतका आनंद झाला की मी न्हाणीघरात एकटीच हसले. इतकी पारखून मी आयुष्यात दुसरी वस्तू घेतलेली नाही, साडीसुद्धा नाही.

रविवारी पिशवी घेऊन इंदुरीला गेले. आबांना कौतुक वाटलं. बॅटरी लावून बघितली, शिट्टी फुंकून शेजारची कुत्री उठवली, औषधांच्या पुड्या मोजल्या. मग हाताला सुरी लागली. ती त्यांनी जमिनीवर ठेवली आणि हात मागे घेतला.

"ही कशाला?"

"दावं कापायला. गोठ्यात पाणी आलं तर गाठ सोडत बसायचं नाही. कापायचं आणि निघायचं."

"दावं कापत न्हाईत."

झालं, माझं डोकं फिरलं. म्हटलं, आबा, बावीसच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणता तुम्ही, गावात कुणी मांजर आडवं गेलं म्हणून थांबलं तर त्याला हसता, आणि तुम्हीच अपशकुन पाळता?

आबा चिडणाऱ्यातले नव्हते. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला.

"अपशकुन न्हाई ग. आपलं काम व्हतं त्ये."

मग त्यांनी सांगितलं. माझा आजा, म्हणजे त्यांचे वडील, त्यांच्यावर गावची मेलेली जनावरं ओढायचं काम होतं. कुणाच्या गोठ्यात बैल मेला की बोलावणं यायचं. मालक बाहेर उभा राहायचा. आजा आत जाऊन सुरीनं दावं कापायचा आणि जनावर ओढून माळावर न्यायचा. मेल्या जनावराचं कापलेलं दावं मालक परत घ्यायचा नाही, तेही आम्हीच न्यायचं. सहा-सात वर्षांचे आबा ते दावं खांद्यावर टाकून मागून चालायचे. पुढे आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि ते काम सोडलं. गावानं बरेच दिवस तोंडं फिरवली. आजानं ती सुरी लोहाराला देऊन टाकली आणि बदल्यात विळा आणला.

"त्या दिसापास्नं आपल्या घरात सुरी न्हाई," आबा म्हणाले. "दावं आमी वळतो, बांधतो, सोडतो. कापत न्हाई."

मला खूप लाज वाटली. एवढी वर्षं या घरात वाढून मला हे ठाऊक नव्हतं. त्याच वेळी सुरी उचलून पिशवीत टाकून परत न्यायला हवी होती. पण मला हरता येत नाही, लहानपणापासून येत नाही. मी म्हटलं, आबा, ते मेलेल्या जनावराचं दावं होतं. हे जित्याचं आहे. ओढायला नाही, वाचवायला कापायचं. आजाचं काम आणि हे काम एक नाही. तासभर मी हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिले. शेवटी डोळ्यांत पाणी आणलं, ते खरंच आलं होतं, आणि वचन मागितलं. मग एक जुनं दावं त्यांच्यासमोर धरून कापायला लावलं. त्यांनी सुरी धरली, कापलं, आणि तुटलेल्या टोकाकडे बघत बसले.

"लय धार हाय," एवढंच म्हणाले आणि पिशवी खुंटीला अडकवली.

पुढच्याच पावसाळ्यात पाणी आलं. सकाळची साडेनऊची वेळ, आम्ही कचेरीत नदीकाठच्या गावांना फोन लावत होतो. सावध राहा, गुरं वर घ्या, हेच वाक्य मी सकाळपासून बोलत होते. त्यात भावाचा फोन आला. गाय बाहेर आली होती, आबा आले नव्हते.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले, खाली वळणावर, काटेरी झुडपात. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

मी पोचले तेव्हा गाय अंगणात उभी राहून वैरण खात होती. गळ्यात दावं नव्हतं. मी भावाला विचारलं, कसं झालं? तो खाली बघत म्हणाला, गाठ सोडीत बसलं. सुटली, पण येळ गेला. मी विचारलं, आणि सुरी? पिशवीत हाय, तो म्हणाला, पिशवी माळ्यावर टाकली म्या, आता नगं बघू.

मला रडूच आलं नाही. राग आला. वचन दिलं होतं, हातानं कापून दाखवलं होतं, आणि वेळ आली तेव्हा म्हाताऱ्यानं आपलाच हेका चालवला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे हात जोडून वंदना म्हणत होते आणि मी आबांच्या फोटोकडे बघत मनात भांडत होते. एका गाठीसाठी गेलात. माझं ऐकलं असतं तर आज बसला असता इथे.

त्या रागाचं मी पुढे काय केलं ते सांगायला हवं. कचेरीनं गावोगाव माहिती द्यायचं काम मलाच लावलं. समाजमंदिरं, देवळांचे सभामंडप, शाळांच्या पडव्या, मी मावळातल्या कितीतरी ठिकाणी पिशवी उघडून उभी राहिले. सुरी हातात घेतली की सांगायचे, माझ्या वडिलांकडे अशीच सुरी होती. पण जुन्या समजुतीपायी त्यांनी दावं कापलं नाही. गाय वाचली, माणूस गेला. बायका हळहळायच्या. पुरुष मान हलवायचे. दुसऱ्या कशानं पटत नव्हतं ते या गोष्टीनं पटायचं, म्हणून मी ती सांगत राहिले.

समजूत कोणती, ते मी सांगत नसे. समोर बसलेल्यांपैकी कुणाकुणाचे आजे त्या गोठ्यांच्या बाहेर उभे राहिलेले असणार. त्यांच्यापुढे आमच्या आजाची सुरी काढायची माझी छाती नव्हती. 'जुनी समजूत' म्हटलं की भागत होतं. आबा अडाणी ठरत होते हे मला कळत होतं. कळत असूनही दोन वर्षं मी तेच केलं.

यंदा उन्हाळ्याच्या अखेरीस भावासाठी पिशवी भरली. गोठा तिथेच आहे, गाय तीच आहे. तळेगावच्या दुकानात तीच सुरी अजून मिळत होती. आता तिची परीक्षा घ्यायची गरज नव्हती. दुपारी भाऊ पाळीवरून येऊन ओट्यावर चहा पीत बसला होता. मी एकेक वस्तू काढून त्याच्यापुढे मांडली. सुरी ठेवली आणि माझ्या नेहमीच्या तोंडाळपणानं म्हणाले, "तू तरी आबांसारखं करू नको."

त्यानं कप खाली ठेवला.

"काय केलं आबांनी?"

"तुला माहीत आहे."

"मला म्हाईत हाय, ताई. तुलाच म्हाईत न्हाई." त्यानं पुढ्यातली सुरी बाजूला सारली. "कापलं आबांनी दावं."

मग त्यानं सांगितलं, मध्ये थांबत, माझ्याकडे न बघता. त्या सकाळी ते दोघं बांधावर उभे होते. गोठ्यात गुडघाभर पाणी होतं आणि चढत होतं. भाऊ म्हणाला, दावं भिजलंय, गाठ सुटायची न्हाई, राहू द्या. आबा म्हणाले, व्हय, न्हाई सुटायची. आणि घराकडे वळले. भावाला वाटलं, ऐकलं. मला फोन लावायला त्यानं खिशातून मोबाइल काढला. तेवढ्यात आबा परत आले. हातात नारिंगी मूठ होती आणि दोरी मनगटात घातलेली होती.

"आबा म्हनलं, पोरीनं दिलीया. चार झटक्यांत हुतंय, म्या करून बघितलंय." भाऊ म्हणाला. "लय करून बघितलं हुतं त्येंनी. मागनं घरच्या वैरणीच्या आड मला तुकडं सापडलं, पाटीभर. दावी वळायची आन् कापायची. कुनाला सांगितलं न्हाई."

ते पाण्यात उतरले तेव्हा कमरेपर्यंत होतं. चारच झटके बसले, भावानं मोजले नव्हते पण तो चारच म्हणाला. गाय सरळ बांधाकडे आली. आबा तिच्यामागून वळले आणि जिथे पाय टाकला तिथली माती खालून निघून गेलेली होती.

"सुरी नसती तर गेलंच नसतं आबा," तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याचा चेहरा असा झाला की शब्द परत घेता आले असते तर त्यानं घेतले असते. "गाठ सुटायची न्हाई हे त्येंला पटलं हुतं. माघारी फिरलं हुतं. म्हनून तुला सांगितलं न्हाई. तू यायच्या आदी गाईच्या गळ्यातलं कापलेलं दावं काढलं आन् नदीत टाकलं."

पिशवी तो माळ्यावरून घेऊन आला. बॅटरी होती, शिट्टी होती, औषधं होती. सुरी नव्हती.

"आन् तू गावोगाव त्येंला अडानी म्हनत हिंडतीस," तो म्हणाला. "दोन वर्सं ऐकून घेतोय मी. कंपनीत सुदिक लोक मला इचारत्यात."

मला आधी त्याचाच राग आला, का नाही सांगितलंस म्हणून. मग लक्षात आलं की मी मोडून पडू नये म्हणून या धाकट्या भावानं बापाची अब्रू पणाला लावली होती, आणि मी ती चारचौघांत उधळत फिरले होते. माझ्या बापानं माझ्यासाठी साठ-सत्तर वर्षांचं व्रत मोडलं होतं. गुपचूप बसून, न वाकणाऱ्या अंगठ्यानं, स्वतः वळलेली दावी कापून हात बसवला होता. मी सुरी पारखली होती, ओल्या हातात राहते का, ओला दोर तोडते का, पडली तर दिसते का. ती हातात असलेला माणूस काठावर थांबेल का, हे मी पारखलं नव्हतं. चांगली सुरी नसती तर आबा बांधावर बसून गाईसाठी रडले असते आणि संध्याकाळी मला फोन करून रडले असते. मी म्हटलं असतं, जाऊ द्या आबा, दुसरी घेऊ.

ती नवी सुरी भावानं घेतली नाही. मी आग्रह केला नाही.

आठ दिवसांनी नदीकाठच्या एका गावात सभा होती. शाळेची पडवी, तीस-चाळीस माणसं, पुढे बायका, मागे भिंतीला टेकून म्हातारे. मी पिशवी उघडली. सगळं दाखवलं. मग सांगितलं की जनावरं पाणी यायच्या आधी सोडायची, इशारा आला की लगेच. एकदा गोठ्यात पाणी शिरलं की हातात काहीही असो, उतरायचं नाही. माझी गोष्ट मी सांगितली नाही. वाटलं, एवढ्यावर भागेल.

पण ती गोष्ट माझ्याआधीच तिथे पोचली होती. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, तुमचंच वडील ना त्ये? सुरी आसून दावं कापलं न्हाई म्हनं?"

"कापलं," मी म्हणाले. "मी खोटं सांगत होते. मला माहीत नव्हतं, पण खोटंच."

मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आजा काय काम करायचा, कुणाच्या गोठ्यात जायचा, बाहेर कोण उभं राहायचं, ती सुरी घरातून का गेली, आबा दावं का कापत नव्हते. मागच्या भिंतीकडे काही माना खाली गेल्या, काही गेल्या नाहीत. आबा कसे बांधावरून परत फिरले होते तेही सांगितलं, आणि कसे पुन्हा आले तेही.

ते म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघत होते.

"मग सुरी कुनी दिलती त्यांला?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.